शिआनमधला खांद्यावरचा हात

शनिवार, १५ नोव्हेंबर. अल नहदा

दुपारी शिआनहून आखातातल्या घरी परतलो. तटबंदी, मातीचे सैनिक, सगळं मनासारखं बघून झालं. पण डोळ्यांसमोर येतोय तो तिथल्या जुन्या मशिदीतल्या चिनी म्हाताऱ्याचा हात. मशीद कौलारू, थेट आमच्या रत्नागिरीच्या घरासारखी. फोन बंद पडलेला, तरी आमचे हे म्हणाले, "किबल्याची दिशा मला कळते," आणि अंगणात भलतीकडेच तोंड करून नमाजाला उभे! म्हाताऱ्याने सलाम केला, यांच्या खांद्यावर हात ठेवून हळूच वळवलं. हे मुकाट वळले. माझं बावीस वर्षांत एकदा तरी ऐकलंय?

आज एअरपोर्टहून येताना गाडी पुन्हा चुकीच्या एक्झिटकडे. तोंडाशी आलेलं गिळलं. नुसता खांद्यावर हात ठेवला.

वळले. वर म्हणतात, "मला माहीत होतं."