आठ रिकाम्या चौकटी

अण्णा, गेल्या शनिवारी क्लबात एकाने मला विचारलं की कागदाशिवाय वाजवायचं कसं. तो पुण्याहून इथे कॉम्प्युटरच्या कंपनीत आला आहे, जयनगरात खोली घेऊन राहतो, आणि त्याला माझ्याकडे ट्रम्पेट शिकायचं आहे. "सर, तुम्ही मधेच एकदम थांबता ना, ते फँटास्टिक असतं. ते तिथल्या तिथे सुचतं का?" मी त्याला म्हटलं, पुढच्या आठवड्यात बोलू. तेव्हापासून हे तुम्हाला लिहायचं मनात आहे. तुम्हाला जाऊन आता आठ वर्षं झाली.

आपली पहिली भेट इथल्या शिवाजीनगरच्या छापखान्यात झाली. मी तिथे खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, जुळवायचो. शाळा नववीत सुटली होती, त्यामुळेच असेल, पण एक अक्षर चुकलं तर मला जेवण जात नसे. लग्नपत्रिका छापून गेल्यावर दुरुस्ती नसते, हे मालकांचं वाक्य मी फार मनावर घेतलं होतं. तुम्ही क्लबातल्या नाचाच्या कार्यक्रमाचं पत्रक छापायला आणलंत. त्यात रुंबा, माम्बो, चाचाचा असे शब्द होते आणि मी प्रत्येकाचं स्पेलिंग तुम्हाला दोनदा विचारलं. तुम्ही चिडला नाहीत. टेबलावरच्या दोन लाकडी पट्ट्या उचलल्यात आणि एकमेकींवर वाजवल्यात. तीन ठोके, मग दोन. पुन्हा तीन, पुन्हा दोन. "हे त्याचं स्पेलिंग," तुम्ही म्हणालात. "तिकडे क्यूबा बेटावर सगळं ह्याच्यावर चालतं. ते लोक क्लावे म्हणतात, मी किल्ली म्हणतो." मी सांगितलं की मी वरातीच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतो, चौदा गाणी पाठ आहेत. "पाठ आहेत," तुम्ही म्हणालात आणि हसलात. "सरी, चालेल. रविवारी घरी ये."

पलटणीच्या बँडमधून निवृत्त झाल्यावर तुम्ही बावीस वर्षं त्या क्लबात वाजवलं होतंत. मी आलो तोवर तुमचे पुढचे दात गेले होते, आणि कवळी लावून ट्रम्पेट फुंकता येत नाही. त्यामुळे तुम्ही मला कधी काही वाजवून दाखवलं नाहीत. नक्कल करायला माझ्यापुढे काहीच नव्हतं आणि मला त्याचीच भीती वाटायची. सराव तुमच्या स्वयंपाकघरात, कारण त्याच्या भिंतीपलीकडे लाकडाची वखार होती आणि तिथल्या करवतीपुढे माझी तक्रार कोण करणार. दोरीवर जाड गोधडी टाकलेली आहे, मी तिच्यात ट्रम्पेटचं तोंड घालून वाजवतो आहे. टेपवर तुम्ही क्लबातल्या पियानोवाल्याकडून भरून घेतलेली कॅसेट चालू आहे, एकच वळण, फिरून फिरून तेच, अर्धा तास. तुम्ही स्टुलावर बसून पत्नीच्या, म्हणजे अक्कांच्या, लाटण्यावर चमच्याने किल्ली धरली आहे. अक्का हात पुढे करतात. "लाटणं द्या इकडं. तुमचं ते बेट स्वल्प थांबू दे, चपात्या व्हायच्यात." तुम्ही लाटणं देता आणि चमचा डब्यावर वाजवू लागता. पहिला महिनाभर तुम्ही मला एकच स्वर दिलात, नुसता सा. "स्वर नंतर. आधी जागा. बस भरून आलीय, बाकावर कुठं फट आहे ते बघ आणि तिथं बस. दुसऱ्याच्या मांडीवर बसू नको."

मला फट दिसत नव्हती. मनाने वाजव म्हटलं की मी ट्रम्पेट खाली घ्यायचो. वाजलेला स्वर परत घेता येत नाही, आणि छापण्याआधी वाचून पाहिल्याशिवाय माझा हात पुढे जात नसे. म्हणून मी गणिताची चौकटीची वही आणली. एका ओळीत सोळा चौकटी. पहिली, चौथी, सातवी, अकरावी आणि तेरावी, ह्यांत पेन्सिलीने टिंब, ती तुमची किल्ली: पहिल्या आठांत तीन ठोके, पुढच्या आठांत दोन. त्याखाली सा रे ग म. सोमवारी लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं, आठवडाभर पाठ करायचं, आणि रविवारी तुमच्यापुढे आत्ताच सुचल्यासारखं वाजवायचं. मधे एके ठिकाणी जरासं अडखळायचंसुद्धा. तेही लिहिलेलं असे.

तुम्ही डोळे मिटून 'हूं' म्हणायचात. पकडलं ते अक्कांनी. एका रविवारी तव्यावरून मान न वळवता त्या म्हणाल्या, "गेल्या आठवड्याचंच वाढलंस की रे. फोडणी नवी, भाजी तीच." तुम्ही टेप बंद केलात आणि हात पुढे केलात. मी पिशवीतून वही काढून दिली. तुम्ही ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सावकाश पाहिलीत. मला वाटलं फाडाल. "अक्षर चांगलं आहे," तुम्ही म्हणालात. "पण शाळेत कविता म्हणून दाखवतात, तसं झालं हे. समोरचा काय वाजवतोय ते तू ऐकतच नाहीस. तू आपलं आठवत असतोस." मग थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "क्लबात माझी जागा अजून रिकामी आहे. कुणाला घेऊ म्हणून बँडमास्तर मला विचारतात. वहीवाल्याचं नाव मी सांगणार नाही." मी म्हटलं, वही टाकून देतो. दिलीही. दुसऱ्या दिवशी दुसरी आणली.

शेवटच्या रविवारी तुमची खाट स्वयंपाकघरातच आणलेली होती, म्हणजे अक्कांना काम करता करता लक्ष ठेवता यावं. बोललं की धाप लागायची. टेप नको म्हणालात. खाटेच्या लाकडी कडेवर नखाने किल्ली धरलीत आणि मला म्हणालात, "आज शेवटचं ऐकतो. वाजव." त्या दिवसासाठी मी तीन आठवडे लिहिलं होतं आणि सगळं तीन ठोक्यांच्या बाजूने सुरू होत होतं. तुम्ही मान हलवून मला सुरू करायची खूण केलीत ती दोन ठोक्यांच्या बाजूला. चुकून की मुद्दाम, ते मला आजही माहीत नाही. तिथून सुरू केलं असतं तर पाठ केलेला एकेक स्वर किल्लीला आडवा गेला असता. ट्रम्पेट ओठांना लावलेला, श्वास भरलेला, आणि मी थांबलो. आठ चौकटी. वखारीतली करवत तेवढ्यात बंद झाली होती. अक्कांचा हात थांबला. त्या लाकडावरचं तुमचं नख मला नीट ऐकू आलं, एक ठोका, दुसरा ठोका, आणि दुसरा पहिल्यापेक्षा जरा थकलेला. मग तीन ठोक्यांची बाजू आली आणि मी वहीतलं सगळं म्हणून टाकलं, अडखळण्यासकट.

तुमचं नख थांबलं. मग म्हणालात, "सुरुवातीला जागा सोडलीस ना. ते तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही, अण्णा."

"झालं मग. बँडमास्तरांना निरोप धाडतो."

अक्का मला दारापर्यंत सोडायला आल्या. "भाजी लिहून आणलेलीच होती," त्या हळू आवाजात म्हणाल्या. मी चप्पल घालत खाली बघत राहिलो. "त्यांना सांगू नकोस. आज किती दिवसांनी पोटभर जेवले ते." त्यानंतर अकराव्या दिवशी तुम्ही गेलात. पुढच्या महिन्यात मी तुमच्या खुर्चीवर बसलो.

तेव्हापासून दर शनिवारी तिथे वाजवतो. छापखान्यात आता खिळे नाहीत, पडद्यावर अक्षरं जुळवतात, चुकलं की पुसता येतं. मला त्याची अजून सवय नाही. वह्या एकोणीस झाल्या आहेत. बँडमधल्या कुणाला त्या माहीत नाहीत. पुण्याच्या त्या माणसाला आवडलं ते थांबणं, तेच, तुमच्यापुढचं. तुम्ही ज्याच्यावरून माझं नाव सांगितलंत ते. आणि मी काय केलं, ते तुम्हाला कळायला हवं. त्या दिवशी तुमच्याकडून घरी आलो, दिवा लावला आणि वहीच्या नव्या पानावर आठ रिकाम्या चौकटी आखून घेतल्या. टिंबही दिलं नाही, खाली स्वरही नाही. विसरू नये म्हणून. आठ वर्षं मी दर शनिवारी ती जागा मोजून सोडतो. पण मोजत असतो, त्यामुळे त्या आठ चौकटींत मला काही ऐकू येत नाही. त्या दिवशी तुमचं नख ऐकलं तेवढंच.

आज शुक्रवार. हे पत्र सुरू केलं तेव्हा शेवटी असं लिहायचं ठरवलं होतं की उद्यासाठी मी पान कोरं ठेवलं आहे, वही घरी ठेवून क्लबात जाईन, मग त्या माणसाला काय सांगायचं ते मला कळेल. तसं लिहिलं तर ते चुकीचं ठरेल, अण्णा. उद्याच्या पहिल्या चार ओळी सकाळीच वहीत लिहून झाल्या आहेत.