बेड्याच्या मापाचं हँडल

बाबा, तुमची मापाची काठी मी गेल्या आठवड्यात न्हाणीच्या चुलीत घातली. आई ओरडली. म्हणाली, "तेंची आठवण होती गो ती." मी म्हटलं, म्हणूनच घातली. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत आई दर म्हाळाला तुमचं पान वाढते, कावळ्याला हाका मारमारून तिचा घसा बसतो, आणि मी पडवीत सायकलच्या साखळीला तेल घालत बसते. कावळा आला काय, न आला काय. तुमच्याशी बोलावं असं मला एकदाही वाटलं नव्हतं. आज बोलते आहे, तर गोड बोलेन असं समजू नका.

ती काठी कशी जन्माला आली ते मला माहीत आहे, मीच तेव्हा टेपचं एक टोक धरून उभी होते. आपल्या आवाराच्या दगडी गडग्याला ये-जा करायला जो बेडा होता, त्याची फट गुरं आत शिरू नयेत इतकी अरुंद ठेवलेली. तुम्ही एक दिवस ती मोजलीत, दोन्हीकडे चार-चार बोटं सोडलीत आणि उरलेल्या लांबीचा बांबू तोडून दुकानात खिळ्याला लावलात. एकवीस इंच. त्या दिवसापासून कट्टा गावातल्या आपल्या सायकलच्या दुकानात आलेलं प्रत्येक रुंद हँडल त्या काठीवर ठेवून कापलं जाऊ लागलं. मुंबईचे चाकरमानी गणपतीला येताना पोरांसाठी गिअरच्या सायकली घेऊन यायचे, त्यांची हँडलं कापली. दूध घालणाऱ्यांची कापली. तोंडवलीहून पाठीमागे मासळीचा क्रेट बांधून येणाऱ्या त्या उंच माणसाचंही कापलंत. ओझं मागे आणि मुठी पोटाशी, मग त्याची सायकल उतारावर डुलायला लागली, तर तुम्ही त्यालाच म्हणालात, "क्रेट बरो बांध." पण लोकही तुमच्यासारखेच. रांग लावून यायचे. "वायच कापून दी मरे, बेड्यात अडकता." एवढ्या मोठ्या बाजारात एकालाही सुचलं नाही की हँडल कापण्यापेक्षा बेडा हातभर रुंद करावा. गडगा आजोबांनी घातलेला, त्याचा दगड हलवायचा नाही. माणसाचे खांदे मात्र कसेही आवळा.

तुम्ही माणसाचं माप कधी घेतलंत, बाबा? सांगा ना. वीस वर्षांच्या धंद्यात एकाला तरी विचारलंत, तू ही सायकल कुठे चालवणार, कशी चालवणार? मी विचारते. मालवणात बंदराच्या रस्त्याला माझा गाळा आहे, तिथे आलेल्या गिऱ्हाइकाला मी आधी जमिनीवर दंड काढायच्या बेतात ओणवं करते. बँकेतले साहेब असोत, डॉक्टरीण असो, सतरंजी घालून देते. डोळे मिटायला सांगते, हात जिथे आपसूक आरामात टेकतात तिथे तळव्यांच्या बाहेरच्या कडेला खडूने खुणा करते. त्या दोन खुणांमधलं अंतर हे त्या माणसाचं सुरुवातीचं माप. मग पुढचं विचारते. सड्यावर, वरच्या कातळपठारावर, चढ चढत लांब पल्ला मारायचा असेल, तर हँडल थोडं आखूड बरं, सातशे मिलिमीटरच्या आसपास. हात फार फाकत नाहीत, उभं राहून पेडल मारताना जोर सरळ लागतो. काजूच्या बागांतून वळणं घेत जायचं असेल, तर दोन खोडांमधून जाताना बोटं सोलणार नाहीत हे बघावं लागतं. आणि जांभ्याच्या दगडांवरून सुसाट खाली उतरायचं असेल, तर मात्र रुंदच हवं, साडेसातशेच्या पुढे. छाती मोकळी राहते, चाक दगडाला लागून फिरायला बघतं तेव्हा त्याला धरून ठेवायला हाताला तरफ मिळते. फार रुंद झालं तर खांदे भरून येतात, मनगटं दुखतात, वळायला सायकल आळस करते. म्हणून मी लगेच कापत नाही. ग्रिप आणि ब्रेक आत सरकवून देते, म्हणते आठ दिवस चालवून या. मग पुन्हा जरा सरकवू. कापायचं सगळ्यात शेवटी, तेही एका बाजूला बोटाच्या पेरापेक्षा कमी. कापलेलं परत चिकटत नाही. ही साधी गोष्ट तुम्हाला हयातभर कळली नाही, आणि फक्त हँडलच्या बाबतीत नाही.

माझ्या सायकलचं सांगते. तोंडवलीला एक परदेशी बाई तीन महिने राहून गेल्या. त्यांची सायकल दुरुस्त करायला तुम्ही मला पाठवायचात. माझ्यावर विश्वास होता म्हणून नव्हे, तुम्हाला बायकांशी बोलायची लाज वाटायची म्हणून. जाताना त्या ती सायकल मलाच देऊन गेल्या. तिचं हँडल अठ्ठावीस इंची होतं. पहिल्यांदा ती घेऊन मी सड्यावर गेले तो दिवस मला अजून हातात जाणवतो. मी मुठी धरते, कोपर बाहेर येतात, छाती उघडते, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी एवढी जागा घेऊन बसलेली असते. खाली उताराला सायकल दगडांवर उडते आहे, आणि माझे दोन हात तिला सांगताहेत कुठे जायचं. तुमच्या घरात मी कायम अंग चोरून वागलेली. अंग चोरून जेवायचं, अंग चोरून हसायचं. सायकलवर तसं बसताच येत नव्हतं. तुम्ही एकदा बाजारातून बघितलंत मला येताना. घरी म्हणालात, "हात पसरून काय चलवतंस गो, घारीसारख्या? लोकां बघतत." लोक बघत होते हे खरंच होतं. मला ते आवडत होतं.

मग स्पर्धा निघाली. सड्यावरून खाडीपर्यंत उतरायचं, पहिल्या तिघांना पुण्याला वर्षभराच्या सरावासाठी नेणार, राहणं-जेवण त्यांचं. मला ते पुणं इतकं हवं होतं की मी दुसऱ्या कशाचा विचारच करत नव्हते. दोन महिने रोज पहाटे उतारावर. कुठला दगड हलतो, कुठे ब्रेक सोडायचा, सगळं पाठ झालं होतं. तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही होही म्हणाला नाहीत, नाहीही म्हणाला नाहीत. आदल्या दिवशी मी टायर बघायला सायकल दुकानात ठेवली आणि आईबरोबर मालवणला गेले. संध्याकाळी परत आले, तर सायकल दारात उभी. हँडल दोन्ही बाजूंनी कापलेलं. ग्रिप नीट परत बसवलेल्या, ब्रेक जागच्या जागी, टोकांना नवी बुचं. हँडलचे कापलेले दोन तुकडे फळीवर शेजारी शेजारी ठेवलेले. तुम्ही चहा पीत होतात.

"ह्या काय?" मी विचारलं.

"कापलंय. आता बेड्यातसून सरळ जातला. रोज वाकडा करून घालतंस, गडग्याची माती पडता."

"माका इचारलास नाय."

"त्यात इचारूचा काय?"

बाबा, मी तुमच्या तोंडावर थुंकायला हवं होतं. तुम्ही दुष्टपणे केलं असतं तर मला सोपं गेलं असतं. तुम्ही खुशीत होतात. बुचं तुम्ही चांगल्यातली लावली होतीत, लाल. तुमच्या मते तुम्ही लेकीचं काम करून ठेवलं होतं. माझं शिक्षण बारावीनंतर थांबवलंत तेव्हाही असंच, न विचारता, माझं काम करून ठेवल्यासारखं. आई मागून पुटपुटत राहिली, "तेंका काय बोला नको." मी आईचं ऐकलं. घरात जेवलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मी त्या एकवीस इंचांवर सड्यावरून सुटले. अर्ध्या उतारापर्यंत मी दुसऱ्या क्रमांकावर होते. मग तो फुटक्या जांभ्याचा टप्पा आला, पुढचं चाक दगडाला लागून फिरलं, मुठी पोटाशी आवळलेल्या, धरायला तरफच नाही, आणि मी हँडलवरून पुढे दगडांवर आपटले. खांद्याचं हाड, कॉलर बोन, दोन ठिकाणी मोडलं. तुम्ही हॉस्पिटलमध्ये आलात, पायाशी उभे राहिलात. मी वाट बघत होते. एक शब्द. चूक झाली म्हणायला नको होतं तुम्ही, नुसता डोक्यावर हात ठेवला असतात तरी चाललं असतं. शेजारच्या खाटेवरची माणसं ऐकत होती, आणि तुम्ही म्हणालात, "हँडलाचो काय दोष नाय. तू भियालंस."

मी त्यावर ओरडले. वॉर्डभर ऐकू जाईल असं ओरडले की यांनी माझं हँडल कापलं, यांनी मला पाडलं. तुम्ही छत्री उचललीत आणि निघून गेलात. त्यानंतर चार वर्षं तुम्ही होतात, त्याच घरात, त्याच दुकानात, आणि मी तुमच्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाही. "दहाचा पाना दे" हे तुम्ही हवेत बोलायचात आणि मी पाना टेबलावर आपटायचे. पुण्याला तिघं गेली. मी कट्ट्याला राहिले. खांदा अजून पाऊस यायच्या आधी दुखून सांगतो. तुम्ही गेलात तेव्हा लोक म्हणाले, रडत कशी नाही ही. मी आईचा हात धरून बसले होते, तिच्यासाठी.

आणि ही गोष्ट मी सांगत आले आहे, बाबा. गिऱ्हाईक ओणवं असतं, मी खडूने खूण करत असते, आणि सांगते की न विचारता कापलेल्या हँडलने माझं काय झालं. लोक हळहळतात. तुमचं नाव घेत नाही, "आमचे बाबा" म्हणते. कट्ट्याच्या जुन्या माणसांना कळतंच. तुम्ही मालवण तालुक्यात चांगले मेकॅनिक म्हणून गेलात, मी तुम्हाला लेकीचा खांदा मोडणारा बाप केलं. त्याचं मला वाईट वाटत नाही.

आज सकाळी कुडाळच्या एक नर्सबाई आल्या होत्या. पुढच्या महिन्यात त्यांना डोंगरातली स्पर्धा करायची आहे, हँडल फार रुंद आहे, खांदे भरून येतात, कापून द्या म्हणाल्या. मी ग्रिप आत सरकवून दिल्या, आठ दिवस थांबा म्हटलं, आणि नेहमीची गोष्ट सांगितली. त्या हळहळल्या नाहीत. सतरंजीवरून उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "मगे दुसरा हँडल घातल्यात नाय कित्याक? दुकान तुमचाच होता मां?"

सोळा वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "दुसरा नाय होता." त्या "अगो बाई" म्हणाल्या आणि गेल्या. मी शटर अर्धं खाली ओढलं आणि तेव्हापासून लिहिते आहे.

दुसरं होतं. स्पर्धेच्या दिवशी सकाळी तुम्ही आंघोळीला गेला होतात, मी दुकान उघडलं, तर आदल्या दिवशी कापायला आलेली एका चाकरमान्याची सायकल भिंतीला होती. हँडल रुंद, पकडही माझ्या स्टेमला, हँडल धरणाऱ्या दांडीला, बसणारी. अर्ध्या तासाचं काम. दहाला स्पर्धा, तेव्हा साडेसहा वाजले होते. मी पाना घेतला, माझ्या स्टेमचे चारही बोल्ट सैल केले. हँडल हातात आलं. मग मी ते पुन्हा बसवलं आणि बोल्ट आवळून टाकले. मला चांगलं आठवतं मी काय म्हटलं मनाशी: असू दे हेच. जिंकले तर तुमच्या नाकावर टिच्चून जिंकेन, आणि हरले तर तुमच्यामुळे हरेन.

यातून तुम्ही सुटलात असं समजू नका. न विचारता कापलंत तुम्हीच. पण रुंद हँडलवर हरले असते तर दोष द्यायला कोणी उरलं नसतं, आणि त्याला मी त्या उतारापेक्षा जास्त घाबरत होते. हे मी आईला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही, आणि हा कागदही तिच्या हाती लागू देणार नाही. आठ दिवसांनी नर्सबाई परत येतील. दुसरं हँडल होतं, मीच घातलं नाही, असं त्यांना सांगायचं ठरवलं आहे. सांगवेलच असं नाही.