देव झांबियाला निघाले

सोमवार, १ फेब्रु. १९७१
सकाळच्या यष्टीने भाऊजी आले, नलिनीला, माझ्या धाकट्या जावेला घेऊन. नोकरी पक्की. झांबियात सरकारी शाळेवर गणित शिकवायचं. राहायला बंगला, विमानाचं तिकीट तेच देणार. एप्रिलमध्ये निघायचं.
ह्यांनी दुकान उघडं टाकून पेढे आणायला माणूस पिटाळला. सासूबाईंना नीट कळलं नाही. "सुगीला यायला जमंल का रं दिनू?" भाऊजी हसले आणि मग हसायचे थांबले.
मी चहा केला. नलिनी म्हणाली, "अक्का, साखर जरा जास्त झालीय." मग? गोड बातमीला गोड चहा.
इथून पुढे तिला न. लिहीन. तिच्यापायी शाई कशाला घालवू.

बुधवार, ३
पोरांच्या भूगोलाच्या पुस्तकात झांबिया शोधला. नाही. पुस्तक जुनं, त्या जागी ऱ्होडेशिया छापलंय. बरं वाटलं. देशच सापडत नाही म्हटल्यावर जाणार कुठे?
दुपारी भाऊजींनी बोट ठेवून दाखवला. आहे मेला.

रविवार, ७
दिवसभर बाया. सगळ्या मिरजगावला आजच वेळ मिळाला. जी येते ती न.चा हात धरते. "काय नशीब काढलंस गं!" न. मान खाली घालून बसते, पण कानातली कुडी सारखी हलत असते.
नशीब म्हणे. भाऊजी नगरला कॉलेजात होते तेव्हा सकाळच्या यष्टीने डबा कुणी पाठवला? पदर खोचून स्टँडवर कोण पळायचं, कंडक्टरच्या हातापाया कोण पडायचं? चार वर्षं. भाकरी, कालवण, सणाला पोळी. संध्याकाळच्या गाडीने रिकामा डबा परत यायचा. स्वच्छ घासलेला, कधी आत दोन लिमलेटच्या गोळ्या. "वहिनी, मेथी छान होती" असं शनिवारी आले की सांगायचे. तेव्हा न. कुठे होती? माळीवाड्यात फुगड्या घालत असेल.
मला जळतं. तोंडाने म्हणता येत नाही, इथे लिहायला काय हरकत आहे. जळतं.

रविवार, १४
सासूबाईंनी देवांचा विषय काढला. भाऊ वेगळे झाले की देवांचे जुने चांदीचे टाक थोरल्याकडे, धाकट्याला नवे करून द्यायचे, मग जेजुरीला नेऊन जुन्या-नव्यांची भेट घडवायची. आमच्यात असंच. आजवर वेळ आली नाही. भाऊजी नगरला राहिले तरी सण इथे, देव इथलेच. आता समुद्र ओलांडायचा म्हणजे वेगळंच झालं की.
"जुनं थोरलीकडं. दिनूला नवं करू."
जीव भांड्यात पडला. विमान तिचं, बंगला तिचा. देव माझे. चौदा वर्षं रोज सकाळी मीच धुते त्यांना. खंडोबा, देवी, बहिरोबा आणि घराण्याचा वीर. नाव-गाव सगळं पाठ आहे त्यांना माझं.

शनिवार, २०
सोनाराने नवे टाक आणून दिले. शेजारच्या बायका पुन्हा हजर. टाक कोरे करकरीत. घोड्याचा लगाम दिसतो, म्हाळसेची नथ दिसते. भेटीपर्यंत आमच्याच देव्हाऱ्यात एका बाजूला ठेवले.
न. म्हणाली, "किती रेखीव आहेत हो, अक्का! आपल्या जुन्यांचं तर काहीच ओळखू येत नाही."
काहीच! आमच्या खंडोबाला नाक उरलं नाही, घोड्याचे पाय पुसलेत, खरं आहे. पण ते तिने म्हणावं? झोंबलं ते झोंबलं. रात्री जेवण गेलं नाही.
शेजारी शेजारी ठेवल्यावर आमचे खरंच गरीब दिसतात.

सोमवार, १ मार्च
सासूबाई लेकीकडे जामखेडला गेल्या. भाऊजी-न. नगरला पासपोर्टच्या कामाला. मी जुने टाक रुमालात घेतले आणि सोनाराकडे गेले. उजळून द्या म्हटलं.
"त्याच ठशावर पुन्ना दाबतो वयनी, नव्यावानी निघतील. पर आत्याबाईस्नी इचारलंय नव्हं?"
विचारलंय म्हटलं.
खंडोबाचा टाक उलटा करून त्याने खालच्या कडेवर बोट फिरवलं. "हितं चीर हाय. ही समदी जायाची न्हाई." राहू द्या म्हटलं.
ती चीर माझी. पहिल्या डब्याच्या दिवशी मी पूजेत होते, रस्त्यावर यष्टीचा हॉर्न वाजला आणि घाईत टाक निसटून फरशीवर आपटला. त्या दिवशी भाऊजीच पहिल्यांदा कॉलेजात जायला निघाले होते, डबा घ्यायला दारात उभे. उचलून माझ्या हातात दिला. "वहिनी, मी काही पाहिलं नाही." कधीच कुणाला बोलले नाहीत. सासूबाईंना तर नाहीच.

शुक्रवार, ५
आणले. नाक, लगाम, नथ, सगळं आलं. तिच्या देवांच्या शेजारी मांडले. बघ म्हणावं आता.

मंगळवार, ९
सासूबाई परतल्या. हातपाय धुऊन देव्हाऱ्यासमोर बसल्या.
"हे दिनूचं. आपलं कुठंयत?"
म्हटलं, हेच. उजळून आणले.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. टाक तळहातावर घेऊन अंगठा फिरवत राहिल्या. "माझ्या सासूनं धुऊन धुऊन झिजवलं हुतं. मंग म्या. देवाला नाक आलं गं, पर आमचं हात गेलं."
चूल पेटवायला गेले तर काडी लागेना.
माझेही हात गेलेच की त्यात. ते मात्र कुणाच्या लक्षात नाही.

रविवार, २१
जेजुरी. आमचे देव तांबड्या फडक्यात, भाऊजींचे पिवळ्या. दौंडला गाडी बदलताना गर्दीत सासूबाई दोन्ही गाठोडी पोटाशी धरून उभ्या.
गडावर रविवारची झुंबड. गुरव घाईत. दोन्ही फडकी सोडली, सगळे टाक एकाच परातीत ओतले, वर पाणी, वर मूठ मूठ भंडारा. "झाली भेट, घ्या, पुढचे या!" न.ने लगबगीने पुढे होऊन सगळे पदराला पुसले आणि एकावर एक रचून माझ्यासमोर धरले.
पाहते तो सगळे सारखे. एकच ठसा, एकच चकाकी, सगळ्यांच्या नाकातोंडात भंडारा.
सासूबाई म्हणाल्या, "आता ह्यातलं जुनं कंचं?"
सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी उजळले नसते तर आंधळ्यालाही ओळखता आले असते. हे म्हणाले, "द्येव ते द्येव. चार-चार घ्या."
मला एक ओळखता येतो. सगळ्यांसमोर उलटा करून बघायची सोय नव्हती, चीर कसली ते सांगावं लागलं असतं.
येताना न. माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. ढकलावंसं वाटलं. नाही ढकललं.

शनिवार, २७
पाडवा. गुढी उभारल्यावर सासूबाईंनी पाटावर दोन वाटे मांडले. उचलायचा पहिला मान न.ला, कारण ती लांब चाललीय. लांब जाणाऱ्याला सगळेच पहिले मान. न.ने डोळे मिटून डावीकडचा घेतला.
माझा वाटा घेऊन स्वयंपाकघरात गेले, दाराआड खंडोबा उलटा केला. चीर!
बाकीचे तीन कुठले ते देवच जाणे, पण धनी माझ्याकडे आला. आपणहून आला. दुपारी मी चार पोळ्या खाल्ल्या. हे बघत राहिले.

गुरुवार, १ एप्रिल
न.साठी काळा मसाला केला. दोन दिवस भाजणं, कुटणं. डोळ्यांची आग. मिरची जरा कमी घालावी असं मनात येऊन गेलं. घातली पुरेपूर. उद्या झांबियात कुणी म्हणायला नको की हा कुठला मिळमिळीत मसाला.
न.ने डबा उघडून वास घेतला. "तिथं सगळ्यांना सांगेन, आमच्या घरचा मसाला." आमच्या घरचा. हात कुणाचे भाजले ते सांगणार नाही.
हल्ली ती नायलॉनची साडी नेसून आरशासमोर चालायचा सराव करते. निरी सुटते. हसू दाबताना मला ठसका लागला.

गुरुवार, ८
सामानाचं वजन. विमानात ठरलेल्यापेक्षा जास्त नेऊ देत नाहीत. दुकानातल्या धान्याच्या काट्यावर सूटकेसा चढवल्या. एका पारड्यात न.चा संसार, दुसऱ्यात ह्यांची वजनं. सूटकेस काही वर उठेना. मला मौज वाटली, खोटं कशाला बोलू. खलबत्ता बाहेर. निम्मे पापड बाहेर. पितळी तांब्या बाहेर.
मग न. म्हणाली, "अक्का, मसाला फार जड होतोय. वाटीभरच नेते, रागावू नका." डबा माझ्या हातात दिला. साडी एकही काढली नाही.
भाऊजी काट्याकडे बघत उभे होते.
मी डबा घेऊन आत आले. म्हणजे माझं काय जाणार तिकडे? वाटीभर मसाला. महिन्याभरात खाऊन संपेल, की संपली वहिनी. डबे गेले, ती चार वर्षं गेली, नशीब न.चं.
सगळे दुकानात होते. न.चं पिवळं गाठोडं देव्हाऱ्याशी ठेवलेलं. सोडलं. माझा चिरेचा खंडोबा त्यात घातला, तिचा काढून मला घेतला. गाठ होती तशी बांधली.
ही माया नाही. चांगुलपणा तर मुळीच नाही. तिकडच्या बंगल्यात ती रोज आंघोळ करून बसेल आणि माझा देव धुईल. तिला कळणार नाही. मला इथे रोज कळेल.

सोमवार, १२
गेले. हे मुंबईपर्यंत पोचवायला गेलेत. स्टँडवर निम्मं गाव.
भाऊजींच्या हातात डबा दिला. तोच, कॉलेजातला, पुन्हा कल्हई करून घेतलेला. दशम्या, चटणी, मेथी. "ह्यांच्याबरोबर परत पाठवा रिकामा."
"आजवर कधी ठेवून घेतलाय का, वहिनी?" पाया पडले तेव्हा पटकन उठलेच नाहीत.
न. गळ्यात पडून रडली. मेलीने माझा खांदा भिजवला. "अक्का, मला तिथं काही जमणार नाही हो." मीही रडले. तिच्यासाठी की माझ्यासाठी, देव जाणे. यष्टी दिसेनाशी झाल्यावर सासूबाईंना हाताला धरून घरी आणलं.

शुक्रवार, १६
हे संध्याकाळच्या गाडीने आले. हातात डबा. विमान उडालेलं काचेतून दिसलं म्हणतात, भावाचं कौतुक सांगता सांगता दोनदा नाक शिंकरलं.
डबा उचलला तर आत काही वाजलं. उघडला. घासलेला, पुसलेला, आणि आत पिवळं गाठोडं.
"कुनीतरी सांगितलं, कस्टमवालं चांदी अडवत्यात," हे म्हणाले. "नलिनी लई घाबरली. म्हनली, अक्कांस्नी सांगा, देव तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या."
इतका मी डाव केला आणि तिने डब्यात घालून परत पाठवला. हसू आलं, संतापही आला. गाठ सोडली.
देवी. बहिरोबा. वीर. खंडोबा नाही.
"ह्यात एक कमी आहे."
"व्हय, दिन्यानं घेतला. घाबरू नगं. गाठोडं सोडून एकेक उलटं करून बघत बसला हुता. मंग एक शर्टाच्या खिशात टाकला. नलिनी नगं नगं म्हनत हुती, तर म्हनला, अडवलं तर अडवलं."
"उलटं करून?"
"व्हय. का गं?"
काही नाही म्हटलं. डबा पुन्हा घासायला घेतला. घासलेलाच होता.

शनिवार, १७
देव्हाऱ्यात आता सात. सासूबाईंनी न विचारता तिघांना माझ्या चौघांशेजारी जागा करून दिली. म्हणाल्या, "आलं व्हय घरी? बरं झालं." त्यांचा अंगठा सगळ्यांवरून फिरला, पण कुठला जुना ते त्यांना कळलं नाही. मलाही आता कळत नाही. जो कळत होता तो गेला.
पूजेला बसले. माझ्यासमोर न.चा खंडोबा, गुळगुळीत कड, नाकडोळे नीटस. धुतला. त्याला झिजायला अजून पुष्कळ वर्षं लागतील.
भाऊजींना चीर आठवली. अकरा वर्षांनी. विमानतळावर, इतक्या गोंधळात. सकाळपासून एवढंच डोक्यात आहे, आणि भाजी दोनदा करपली.
मग दुपारी दुसरं सुचलं आणि तेव्हापासून चैन नाही. न. शेजारीच बसली असणार. विमानात वेळच वेळ. तिने विचारलं असणार, हाच का घेतलात? काय सांगितलं असेल? फरशीवर पडला ते? वहिनींच्या हातून पडला, यष्टीच्या घाईत, माझ्या पहिल्या डब्याच्या दिवशी?
बंगला घेऊ दे तिला. खंडोबा तर तिच्याच घरात राहणार, त्याला इलाज नाही. पण ते भाऊजींनी तिला सांगू नये. एवढं एक सांगू नये.