नवशिक्याची भूमिका

सोमवार, ३. दुपार.
मुख्याध्यापिका आज ऑफिसात आल्या आणि विचारलं, सायकल कुणाला येते. ऑफिसात मी आणि शिपाई दोघंच. शिपाई खरं बोलला, नाही म्हणाला. मी म्हणालो, लहानपणापासून. यात खोटं काही नाही. अख्खी शाळा मी थोरल्या भावाच्या कॅरियरवर बसून केली. सायकलची मला उत्तम जाण आहे. फक्त चालवता येत नाही.
तर सायकल-प्रशिक्षकांच्या कोर्सला शाळेतर्फे माझं नाव गेलं. गुरुवारपासून अडीच आठवडे, सकाळी साडेसहा ते आठ, पाण्याच्या टाकीमागचं मैदान. शेवटी परीक्षा, मग सर्टिफिकेट. मग शाळेतल्या पोरांना सुरक्षित सायकल चालवायला मी शिकवायचं.
संकल्प: गुरुवारच्या आत गुपचूप शिकून घेणे. लोक विमान शिकतात.

सोमवार, संध्याकाळ.
घरी सांगितलं. ही म्हणाली, बरं झालं, एकदाचा गुडघा बरा झाला तुमचा. (सायकलिंगची आवड आहे असं मी हिला लग्नाआधी सांगून बसलो होतो. तेव्हापासून तेरा वर्षं गुडघा सांभाळतोय.) बिट्टी आमची मुलगी. वय वर्षं नऊ. उठली आणि सगळ्या मजल्याला सांगून आली. तिला सायकल शिकवायचं वचन मी ती पाच वर्षांची असताना दिलंय. तिने विचारलं, आता नक्की ना. मी म्हणालो, बाबा कधी खोटं बोलतो का. ती विचार करत बसली.

मंगळवार, ४.
सायकल घेतली. निळी. हेल्मेटही. दुकानापासून घरापर्यंत हातात धरून आणली. नवी वस्तू लगेच वापरायला काढू नये.

बुधवार, ५. पहाटे.
पार्किंगमध्ये सराव. डाव्या कोपराला लागलं, शेजाऱ्यांच्या स्कूटरला उजवीकडे. पार्किंग अरुंद आहे. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

गुरुवार, ६.
पहिला दिवस. शिकणारे आम्ही आठ. सात जण सायकलवरून आले, मी सायकलसोबत आलो. चेन पडली म्हणालो. शिकवणाऱ्या बाईंच्या गळ्यात सतत शिट्टी असते, म्हणून मी त्यांना मनात शिट्टीबाई म्हणतो. त्यांनी चेनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हेल्मेट उलटं घातलंय असं सांगितलं. म्हणालो, कुणाच्या लक्षात येतं का ते बघत होतो.
आता सगळ्यांनी एकेक फेरी मारा, असं त्या सांगणार, हे दिसतच होतं. पण त्या म्हणाल्या, इथे सायकल नाही शिकायची, शिकवायला शिकायचंय. त्यासाठी एकाने नवशिक्या व्हायचं, बाकीच्यांनी पाळीपाळीने त्याला शिकवायचं. आपल्याला काहीच येत नाही असं सोंग आणायचं. कोण आणेल?
माझा हात आपोआप वर गेला. देव तारी त्याला कोण मारी.

शुक्रवार, ७.
सहा वेळा पडलो. आमच्यातला जिमवाला, ज्याला सगळे पैलवान म्हणतात, त्याने विचारलं, नाटकात होतात का. नर्सबाई म्हणाल्या, वॉर्डात इतकी वर्षं काढली, पण इतकं मनापासून पडताना कुणाला पाहिलं नाही. कौतुक ऐकायला बरं वाटतं. योजना अशी: सोंग आणता आणता शिकून जायचं. कुणाला पत्ताही लागणार नाही.

सोमवार, १०.
पद्धत अगदी सोपी आहे. आधी पायडलं काढून ठेवायची. सीट खाली घ्यायची, दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. पायांनी ढकलत जायचं, मग पाय उचलायचे. तोल आला की पायडलं परत. मागून सीट धरायची नाही. नवशिक्याने पायडलं मागायची नाहीत, शिकवणारा देईल तेव्हा घ्यायची.
डावं पायडल मी वीस मिनिटं पान्याने काढत होतो. ते उलट्या बाजूने सुटतं. मला माहीत होतं, भूमिकेत होतो.

बुधवार, १२.
योजनेत एक बारीकसा दोष आढळला. रोज नवा गुरू. आणि प्रत्येक गुरूला परीक्षेसाठी पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते. म्हणजे माझा रोज पहिला धडा. पाय उचलायची वेळ येते तोवर शिट्टी वाजते.
पिंढऱ्या, दोन्ही कोपरं, आणि जिथे बसतो तो भाग, सगळं ठणकतंय. उद्या ही भूमिका सोडणार. ठाम.

गुरुवार, १३.
शिट्टीबाईंना सांगितलं, आता दुसऱ्या कुणाला संधी द्या. त्या म्हणाल्या, चालेल, मग तुम्ही शिकवा, आधी एक फेरी मारून दाखवा. मी म्हणालो, सुरू केलेलं काम अर्धवट सोडणं माझ्या स्वभावात नाही.
धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

शनिवार, १५. सकाळी सव्वानऊ.
आज तोल आला.
हे मी शांतपणे लिहितोय. पाय उचलले आणि सायकल गेली. नजर चाकावर नव्हती, समोरच्या टाकीवर होती, आणि टाकी माझ्याकडे येत होती. नंतर पावलांनी मोजलं, अकरा फूट. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने असेल.
पण आज शिकवायची पाळी पैलवानाची. चुका दुरुस्त करायचे मार्क होते, आणि मी चुकतच नव्हतो. तो जवळ आला आणि हळूच म्हणाला, साहेब, जरा पडा ना, माझे मार्क जातील. गरीब माणूस आहे मनाने.
पडलो. पुन्हा निघालो तर तोल कुठे गेला कळेना. शिट्टीबाई वहीत काहीतरी लिहीत होत्या.

मंगळवार, १८.
शाळेच्या फाटकाशी फळा लागला. माझं नाव, त्याखाली ‘प्रमाणित सायकल प्रशिक्षक’. बेचाळीस मुलांनी नावं दिलीत. मुख्याध्यापिकांना म्हणालो, परीक्षा व्हायचीय अजून. त्या म्हणाल्या, तुमच्याबद्दल शंका कशाला. बिट्टी मधल्या सुट्टीत मैत्रिणींना आणून ऑफिसच्या खिडकीतून मला दाखवून गेली. मी फाईल उघडून बसलो. उलटी होती.
संध्याकाळी ठरवलं, हिला सगळं सांगून टाकावं. ही कपड्यांना इस्त्री करत होती. सुरुवात गुडघ्यापासून केली, पुन्हा दुखायला लागलाय म्हणालो. हिने इस्त्री उभी केली आणि विचारलं, कुठला, डावा की उजवा?
तेरा वर्षांत कुठला सांगितला होता ते आठवेना. विषय बदलला.

शनिवार, २२.
उद्या परीक्षा. प्रत्येकाने एक खरा नवशिक्या घेऊन यायचं आणि त्याला शिकवून दाखवायचं. घरी विषय काढलाच नव्हता, पण नर्सबाई मुलीला घेऊन शाळेत आल्या होत्या, त्यांनी बिट्टीला सांगितलं. बिट्टीने बूट पुसून दाराशी ठेवलेत.
कपाळाला हात लावून पाहिला. ताप नाही. यावं तेव्हा काही येत नाही.

रविवार, २३. दुपार.
जसं झालं तसं लिहितो.
शिकवलं चांगलं. हे मी नाही म्हणत, नर्सबाई म्हणाल्या. नवशिक्याला कुठे भीती वाटते, पाय केव्हा जड होतात, हे मला जितकं माहीत होतं तितकं तिथे कुणालाच नव्हतं. डावं पायडल उलटं सुटतं हे सांगितलं, बिट्टीने कोर्सच्या छोट्या सायकलचं स्वतः काढलं. तासाभरात ती टाकीपर्यंत तरंगत गेली. तीनदा पायडलं मागितली. मी म्हणालो, मागायची नसतात. चौथ्यांदा मागितली नाहीत तेव्हा बसवून दिली.
आणि ती चालवायला लागली. कुणी न धरता. माझी पोर.
तेवढ्यात शिट्टीबाई म्हणाल्या, आता तिला रस्त्यावर काढा, मागे तुम्ही सायकलवर. फाटकाबाहेर पुढच्या वळणापर्यंत आणि परत. बिट्टी निघालीसुद्धा. मी सायकलवर बसलो, सायकल आडवी झाली. मग पळालो. हेल्मेट घालून, मागून सूचना देत. पहिले काही क्षण आवाजावरून कळलं नसतं.
पण दिशा बदलण्याआधी मान वळवून मागे पाहायचं, हे मीच तिला दहा वेळा घोटून शिकवलं होतं. तिने वळणापाशी व्यवस्थित मान वळवली.
परत आली. ब्रेक दोन्ही दाबले, पाय टेकला, सगळं बरोबर. मला दम लागला होता. तिने हळू आवाजात विचारलं, बाबा, तुला येत नाही का. गुडघा असं तोंडात आलं होतं. म्हणालो, नाही येत. कधीच येत नव्हती.
माझं हेल्मेट तिरकं झालं होतं, ते तिने सरळ केलं.
शिट्टीबाई म्हणाल्या, पहिल्या दिवशीच कळलं होतं. सायकल येणारा माणूस स्टँड पायाने काढतो, तुम्ही वाकून हाताने काढलंत. मग बोलल्या का नाहीत, मी विचारलं. त्या म्हणाल्या, एकोणीस वर्षं सोंगं बघतेय, असा अस्सल नवशिक्या कधी मिळाला नव्हता. सातही जण पास. पुढच्या बॅचलाही या.

सोमवार, २४. संध्याकाळ.
मुख्याध्यापिकांना सांगितलं. शिकवायला शनिवारी नर्सबाई येतील. सायकली बाहेर काढायचं काम माझ्याकडे. फळा शिपायाने पुसला. माझं नाव नीट पुसलं गेलं नाही, ‘प्रमाणित’ मात्र गेलं.
घरी आलो तर निळ्या सायकलची सीट खाली आणि पायडलं गायब. बिट्टी म्हणाली, उद्या सहा वाजता पार्किंगमध्ये. पायडलं माझ्या कंपासपेटीत आहेत, मागायची नाहीत. म्हणालो, मला कसली घाई.
ती खेळायला गेल्यावर कंपासपेटी उघडून पाहिली. मागायचं नाही असं ठरलंय, बघायचं नाही असं ठरलेलं नाही.
पायडलं नव्हती. आत एक चिठ्ठी होती. अक्षर हिचं.
डावा की उजवा, आठवलं की सांगा.