तळ्यावरची इमारत

१२ जून

प्रिय चिमणे,

अनेक आशीर्वाद. तुझ्या आईचा गुडघा कसा आहे? तिला म्हणावं, जिने चढणं सोड. हट्टही सोडलास तर उत्तम. इथे सगळं ठीक.

तू पाठवलेले फ्लॅटचे कागद पाहिले. उत्तराला उशीर झाला. तुझ्या आईचा दोनदा फोन आला, तेव्हा कामाचं निमित्त सांगितलं. काम नव्हतं.

इमारतीच्या नावावरून कळलं नाही, सर्व्हे नंबर वाचला तेव्हा कळलं. तिथे तळं होतं. ते बुजवू नये म्हणून जनहित याचिका मीच लढलो. खालच्या वस्तीतले एक निवृत्त मास्तर याचिकाकर्ते. लोकांच्या खरेदीखतांवर पोट भरायचं आणि उरलेल्या वेळात ही केस, असं दहा-बारा वर्षं चाललं. बांधकामाला स्थगिती काही मिळाली नाही. तारखा पडत गेल्या, मजले चढत गेले.

निकाल आमच्या बाजूने लागला. तळं बुजवणं बेकायदा, असं न्यायमूर्तींनी स्पष्ट लिहिलं. पण आता तिथे कुटुंबं राहतात, म्हणून बिल्डरला दंड आणि इमारत कायम. बाहेर आल्यावर मास्तरांनी विचारलं, "साहेब, आपण जिंकलो ना? मग तळं कधी मिळणार?"

मी म्हणालो, चला, चहा घेऊ.

गेल्या पावसाळ्यात तळ्यात मावायचं ते पाणी वस्तीत शिरलं. मास्तरांची बायको अंथरुणाला खिळलेली. त्यांना एकट्याला ती उचलवली नाही. तळं राखील तो पाणी चाखील म्हणतात, ते असं.

तिचे दिवस झाल्यावर ते ऑफिसात येऊन बसले. मला बोल लावला असता तर बरं झालं असतं. जाताना एवढंच म्हणाले, "आता आणखी कुणाची केस घेऊ नका."

तेव्हापासून एकही वकीलपत्र घेतलेलं नाही. घरी कुणाला ठाऊक नाही, तुझ्या मामीलाही नाही. रोज डबा घेऊन निघतो, खुर्चीत बसतो, संध्याकाळी परततो.

तुझे कागद स्वच्छ आहेत. माझ्याच केसच्या निकालाने ते स्वच्छ केले. तसा अभिप्राय सही करून सोबत जोडलाय. बँक अडवणार नाही. घर घे. तू नाही घेतलंस तर दुसरं कुणी घेईल.

मला मात्र ते बघायला बोलावू नकोस. मामी येईल. तिला यातलं काही सांगू नकोस.

वकिलीची सनद परत करतोय. तुझ्या कागदावरची सही शेवटची.

तुझा,
यापुढे नुसता मामा