रुळावरचे फटाके

दादा,

तुम्ही गेलात त्या वयापेक्षा मी आता कितीतरी म्हातारा आहे, तरी हा शब्द लिहिताना पाठ आपोआप ताठ होते. आज सकाळी धाकटा नातू मांडीवर रेलून विचारत होता, "आजोबा, तुमचे बाबूजी फौज में थे ना? कितने दुश्मन मारले त्यांनी? सरांनी पंधरा ऑगस्टला घरच्या माणसाची गोष्ट सांगायला बोललंय." त्याच्याएवढा असताना मीही तुम्हाला हेच विचारलं होतं. तुम्ही विडी विझवून हसलात. "दुश्मन? अरे, मी तं खच्चरांवाला. ब्रह्मदेशच्या जंगलात खच्चरांवर रसद लादायचो. बॉम्ब पडला की खच्चर उभं राहे, अन् मी त्याच्या पोटाखाली." तुम्हाला ते गमतीचं वाटलं. मला नाही. शाळेत गुरुजी तेव्हा नकाशावर एकेक संस्थान पुसून आमच्याकडून देशाचा रंग भरवून घेत होते, आणि मी बाकावर बसून कविता घोकत होतो. त्या कवितांतले बाप घोड्यावर बसत. माझा खेचराच्या पोटाखाली.

आपण लोधीपुऱ्यात राहत होतो तेव्हा दिवाळीचा पहिला फटाका उडाला, की तुम्ही धान्याच्या कोठीमागे जाऊन बसायचात, दोन्ही तळहात कानांवर दाबून, डोळे मिटून. आई दार लोटायची आणि ओट्यावरच्या शेजारणीला सांगायची, "त्यांच्या अंगात कणकण आहे." दरवर्षी, दर दिवाळीला, तीच कणकण. खरं कारण आईशिवाय आणि माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि नोकरी मिळाली ती कुठली, तर रेल्वेत, रूळ राखणाऱ्या गँगमनची! खंडव्याच्या लाइनीवर लालबागला स्टेशनाजवळ क्वार्टर, कमरेला फटाक्यांची डबी. पुढे धोका असला की ते चपटे फटाके रुळावर पट्टीने बांधायचे. इंजिनाचं चाक वर आलं की धडाका होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. गँगचे मुकादमकाका तुमच्या पाठीवर थाप मारून म्हणत, "फौजी, तुझे काहे का डर! तू तो तोपों में पला है." तुम्ही त्यांच्याबरोबर हसायचात. आई मात्र हसायची नाही.

मी मॅट्रिकला होतो तेव्हाची ती थंडीतली सकाळ. आईने भाकरी देऊन मला लाइनीवर पाठवलं होतं. रूळ गारठ्याने तडकलेला, आणि खंडव्याकडून गाडी यायची वेळ. तुम्ही धावत सुटलात, मी डबा घेऊन मागे. लांब जाऊन तुम्ही वाकलात, फटाके बांधलेत, आणि लाल झेंडी दोन्ही हातांनी उंच धरून लाइनीच्या कडेला उभे राहिलात. मला ओरडून सांगितलंत, "पयले कान झाक!" मी झाकले. तुमचे हात तर झेंडीत अडकलेले. एकामागून एक धडाके झाले. तुम्ही हलला नाहीत. गाडी करकरत थांबली, खिडक्यांतून डोकी बाहेर आली, आणि मी पाहिलं, तुमची खाकी पँट पुढून ओली झाली होती.

मी मागे सरकून बाभळीजवळ गेलो. ड्रायव्हर खाली उतरला. "शाबास, जवान! वो लड़का तुम्हारा है क्या?" तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग खाली स्वतःकडे. "नहीं साब. पास के जसोंडी गाँव का होगा कोई."

एक पाऊल पुढे टाकायला हवं होतं मी. डबा खडीवर ठेवला आणि घराकडे चालायला लागलो. संध्याकाळी तुम्ही तो डबा घासून आणलात, आईच्या हातात दिलात. "भाकरी मस्त होती," एवढंच म्हणालात.

पुढे छातीच्या दुखण्यात तुम्ही गेलात. क्वार्टरसमोर तुम्हाला अंगणात ठेवलेलं, सगळी गँग जमलेली. मुकादमकाका रडत माझ्याजवळ आले. "बेटा, अपने यहाँ का रिवाज है. अब जो मालगाड़ी आएगी, उसके नीचे पटाखे बाँधेंगे. फौजी को सलामी." आईने माझ्याकडे पाहिलं. नको म्हटलं असतं, तर कारण सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "हो काका, बांधा."

मालगाडी आली. धडाका झाला तसे सगळे छाती काढून उभे राहिले. मीही राहिलो. आणि आई खाली वाकली, सगळ्यांसमोर, आणि तिने आपले दोन्ही तळहात तुमच्या कानांवर ठेवले. शेवटचा डबा जाईपर्यंत काढले नाहीत. लोकांना वाटलं, दुःखाने वेडी झाली. मी रुळांकडे बघत होतो.

आईने मला त्याबद्दल कधी एक शब्द विचारला नाही. तीही आता नाही. मागे मला वाटायचं, तुमच्यावर एक कविता लिहीन. कितीदा बसलो, आणि दरवेळी तुम्ही घोड्यावर चढलेलेच निघालात. फाडून टाकली.

आज सकाळी नातवाला मी काय सांगितलं, ते ऐका. "खूप मारले," म्हणालो. त्याचे डोळे असे चमकले, की मग बंदूकही आली, टेकडीही आली. आत्ता तो ओसरीवर झाडू खांद्याला लावून तेच पाठ करतोय. "ठाय! ठाय!" ओरडतोय. हा कागद कोणत्या टपालपेटीत टाकणार मी? नुसती त्याला हाक मारायची आहे, दोन खोल्यांपलीकडे, आणि खरं काय ते सांगायचं आहे. कधीचा बसलोय, दादा. अजून मारली नाही.