नियोजित संख्येचा रकाना कोरा ठेवण्याविषयी

प्रति,
मा. साहाय्य अधिकारी,
हिवाळी शिकार इंधन विभाग,
जिल्हा कार्यालय.

विषय : कॅरिबू हरणांच्या हिवाळी शिकारीच्या आराखड्यातील रकाना क्र. ४ (‘नियोजित संख्या’) कोरा ठेवून पेट्रोल मंजूर होणेबाबत.
संदर्भ : आपण तीनदा परत पाठवलेला माझा आराखडा.

महोदय,

दाता स्वेच्छेने देणार असता त्याच्या दानाचा आकडा याचकाने आधीच लिहून ठेवणे, ही चोरी नव्हे; चोरीहून वाईट असा उद्धटपणा मात्र आहे. आम्ही ग्विचिन लोक कॅरिबू मारला असे म्हणत नाही. तो येतो आणि स्वतःस देतो. ‘अमुक इतके आणीन’ असे जो बोलतो, त्याचा शब्द कॅरिबूंच्या कानी जातो, आणि कळप दुसऱ्या खिंडीने निघून जातो.

१. गतवर्षी आपल्या आग्रहास्तव मी त्या रकान्यात ‘सात’ लिहिले. आपल्या कार्यालयाने सौजन्याने ते रेडिओवर जाहीरही केले. परिणामी आठ माणसे नऊ दिवस बर्फगाड्यांवरून हिंडून आम्हांस एकच पांढरा तित्तर लाभला; तोही माझा मेहुणा सायलस याच्या गाडीवर आपणहून आदळला. तेव्हापासून मी दुकानात शिरताच मंडळी विचारतात, “काय सातमामा, आज किती पाव नेणार? आधी रेडिओवर सांगा, म्हणजे आम्ही फळी रिकामी करून ठेवतो!”

२. यंदा मी प्रथम ‘देतील तितके’ असे लिहिले. आपला शेरा आला : ‘अंकांत लिहा.’ मी ‘०’ लिहिले. शेरा आला : ‘शून्य कॅरिबूंस पेट्रोल लागत नाही.’ हा तर्क निर्दोष आहे; मी त्यास वंदन करतो. तिसऱ्या खेपेस प्रयोजन ‘सरपण आणणे’ असे लिहिले, कारण घरातून निघताना आम्ही तसेच सांगतो. त्यावर सरपणास आठ बंदुका कशाला, अशी आपण पृच्छा केलीत.

३. घरची स्थिती याहून बिकट आहे. माझी पत्नी यूनिस म्हणते, “अहो, तुमच्या तोंडाला कसाबसा लगाम घातला, आता हाताला कोण घालणार? पुन्हा आकडा लिहिलात तर तुम्ही आणि तो कागद, दोघंच जा शिकारीला. तंबूत त्याच्याशीच गप्पा मारा!” सायलस म्हणतो, “दाजी, मी आपला बर्फाखाली जाळं लावून मासे धरतो. माशांना रेडिओ ऐकू येत नाही.” उरलेले सहाजण त्याच्याच बाजूचे आहेत. सारांश, आकडा लिहिला तर माणसे नाहीत, न लिहिला तर पेट्रोल नाही. आणि गावातील अकरा वृद्ध नाताळापासून डब्यातले मांस खात माझ्या दाराकडे पाहत आहेत. त्यांना ताजे मांस पोहोचवणे हे पुढारी शिकाऱ्याचे, म्हणजे माझे, कर्तव्य आहे.

४. सबब प्रार्थना की, रकाना कोरा स्वीकारावा. नियमात ते बसत नसल्यास आपणच दार लावून, मनात फारशी खात्री न बाळगता, एक आकडा लिहावा व कागद उलटा ठेवावा. तो मोठ्याने वाचू नये. मला तर मुळीच कळवू नये. परतल्यावर जे सत्य असेल ते मी शपथेवर, अंकी व अक्षरी, लिहून देईन.

५. हेही न जमल्यास मी बहात्तराव्या वर्षी एकटा, पायी निघेन. कोठे, ते यूनिसलाही सांगणार नाही. मग माझा शोध घेण्यासाठी लागणाऱ्या पेट्रोलचा अर्ज तीच आपणाकडे करील, आणि त्यात ‘नियोजित संख्या : १’ असे ती निःसंकोच लिहील.

आपल्या शेगडीत विस्तव राहो. निघणाऱ्यांना वाट सापडो, थांबलेल्यांना ऊब मिळो. आणि जे येतील वा न येतील, त्या सर्वांचे चारही पाय सुखरूप असोत.

आपला नम्र व तूर्त घरीच बसलेला,
एबेनेझर केंडी
मु. उंचतीर, पोर्क्युपाइन नदीकाठ
दि. ११ फेब्रुवारी